गाऊचोंच्या गावाला जाताना

ब्युनोस आयरेसच्या वायव्येला, राष्ट्रीय महामार्ग ८ वर सुमारे ११३ किलोमीटर गेलं की सान आंतोनिओ दे अरेको लागतं. तिथली माणसं नुसतं 'अरेको' म्हणतात. १७३० पासूनची वस्ती, बैठी घरं, फरसबंद गल्ल्या, कडेनं वाहणारी अरेको नदी आणि चहूबाजूंनी सपाट पाम्पा. घोड्यावर बसून गुरं राखणाऱ्या, हाकणाऱ्या गाऊचोचं गाव म्हणून अर्जेंटिनात त्याचा मान मोठा आहे. आपल्याकडून कुणी तिकडे निघालं की इग्वासूचा धबधबा आणि दक्षिणेतल्या हिमनद्या ठरलेल्या असतात. मी प्रत्येकाला म्हणते, अरेकोलाही जा. तिथं वेगवेगळ्या ऋतूंत राहून जे उमगलं ते सांगते.

१. रात्रीचा मुक्काम ठेवा

राजधानीतल्या रेतिरो बस स्थानकावरून अरेकोची बस मिळते, दोनेक तासांत पोचवते. त्यामुळे बहुतेक जण सकाळी जातात आणि संध्याकाळी परततात. रविवारी तर गाव पाहुण्यांनी भरतं. पण दुपारी एकच्या सुमाराला दुकानं बंद होतात ती चार-पाचपर्यंत उघडत नाहीत. जेवण आणि वामकुक्षी हा तिथं दिवसाचा मधला भाग आहे, त्यात कुणी लुडबुड करत नाही. म्हणजे दिवसाची सहल करणाऱ्याचा निम्मा वेळ बंद दारं बघण्यातच जातो. खरं गाव संध्याकाळी जागं होतं. रुइस दे आरेयानो चौकात काखेत थर्मास घेतलेली माणसं बाकांवर येऊन बसतात, पोरं सायकली पिटाळतात, कारागिरांची दारं पुन्हा उघडतात. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. तेव्हा माणसांना तुमच्याशी बोलायला सवड असते.

२. मैदान वाचायला थोडा वेळ द्या

पहिल्या नजरेला पाम्पा रिकामा वाटतो. डोंगर नाही, टेकडी नाही, दगडसुद्धा नाही. खोल, काळी, सकस माती आणि गवत. मूळचं रानही नाही. एस्तान्सियाच्या, म्हणजे मोठ्या पशुपालक वाड्यांच्या, भोवती दिसणारी निलगिरीची झाडं माणसांनी लावलेली. एकटा ओंबू मात्र जुन्या वर्णनांत सगळीकडे भेटतो. त्याचं खोड पोचट, पाण्यानं भरलेलं. ना जळणाला कामाचं, ना सुताराला. म्हणून तो तोडला गेला नाही आणि वाटसरूला सावली देत राहिला.

गुरं आणि घोडे सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणले. ते मोकाट सुटले, या गवतावर बेसुमार वाढले, आणि त्यांच्यामागे धावणारा घोडेस्वार तयार झाला. मग आलं तारेचं कुंपण. १८४५ मध्ये रिचर्ड न्यूटन या इंग्रज जमीनदारानं आपल्या एस्तान्सियाच्या काही भागाला तार घातली. दहा वर्षांनी फ्रान्सिस्को हालबाख यांनी आपली सगळी एस्तान्सिया तारेत घेतली. गुरं कुठं चरतील हे त्यानंतर तार ठरवू लागली आणि पूर्वीइतके राखणदार लागेनासे झाले. रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना सरळ पळणाऱ्या त्या तारा दिसल्या, की या प्रदेशाच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी उलथापालथ तुम्ही बघत आहात हे लक्षात असू द्या.

आणखी एक बदल नजरेत भरतो. अरेकोच्या भोवती आज गुरांपेक्षा शेतं जास्त दिसतात, मका आणि मुख्य म्हणजे सोयाबीन. १९९६ मध्ये अर्जेंटिनानं जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनला परवानगी दिली आणि पुढच्या काही वर्षांत पाम्पाचं रूप पालटलं. उत्तम कुरणं नांगराखाली गेली, बरीचशी गुरं कमी कसाच्या जमिनीकडे किंवा धान्य घालून वाढवायच्या गोठ्यांकडे सरकली. मी लातूरची. आमच्या आडत बाजारात सोयाबीनचा भाव काढताना अर्जेंटिनात पाऊस कसा आहे याची चर्चा होते हे लहानपणापासून कानावर होतं. भारत हा अर्जेंटिनाच्या सोयातेलाच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. अरेकोच्या बांधावर उभी राहिले तेव्हा कळलं, की मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचा भाव आणि आपल्या कढईतलं तेल या मातीशी थेट बांधलेलं आहे. पाम्पाचं गवत नाहीसं होण्यात आपल्या स्वयंपाकघराचाही हात आहे. गुरांचा देश बघायला येणाऱ्यानं हे सोयाबीनही डोळे उघडे ठेवून बघावं.

३. गाऊचोचा इतिहास आधी जाणून घ्या

रुंद सुरवार, कमरेला चांदीच्या नाण्यांचा पट्टा, पाठीशी खोचलेला सुरा, डोक्यावर बोइना टोपी. फोटोत हे सगळं देखणं दिसतं. पण ज्या माणसाचा आज सण होतो, त्याला त्याच्याच देशानं दीर्घकाळ गुन्हेगार ठरवलं होतं. ब्युनोस आयरेस प्रांतात १८१५ च्या हुकुमानं, ज्याच्याजवळ जमीन नाही त्यानं मालकाच्या सहीचा कामाचा कागद जवळ बाळगायचा; कागद नसेल तर तो भटका, आणि भटक्याला धरून सैन्यात घालायचं. सरहद्दीवरच्या गढ्यांमध्ये कित्येक गाऊचो असे कुजले. होसे एर्नांदेस यांनी १८७२ मध्ये 'मार्तीन फिएर्रो' हे दीर्घकाव्य लिहिलं ते याच अन्यायावर. त्याच सरहद्दीपलीकडे मूळ रहिवाशांची भूमी होती. १८७८ पासून जनरल रोका यांच्या मोहिमांनी तीही हिसकावली आणि मोठ्या जमीनदारांमध्ये वाटली गेली.

शेतावरच्या मजुराला किमान वेतन, विश्रांती, राहण्याजोगी जागा यांचा हक्क मिळाला तो १९४४ च्या पेओन कायद्यानं, हुआन पेरॉन कामगार खातं सांभाळत असताना. हे माहीत असेल तर समोरच्या घोडेस्वाराकडे बघण्याची तुमची नजर बदलते. तो सजलेला असला तरी सजावट नव्हे. उद्या सकाळी तो बहुधा कुणाच्या तरी गोठ्यावर कामाला जाणार असतो. फोटो काढण्याआधी विचारा. घोड्याचं नाव विचारलंत तर आणखी उत्तम; संभाषण तिथून सुरू होतं.

४. 'डॉन सेगुंदो सोंब्रा' वाचून जा

रिकार्दो ग्विराल्देस यांचं बालपण अरेकोजवळच्या 'ला पोर्तेन्या' या कुटुंबाच्या एस्तान्सियात गेलं. तिथल्या सेगुंदो रामिरेस नावाच्या गुराख्यावरून त्यांनी १९२६ मध्ये ही कादंबरी लिहिली. एक पोरका मुलगा आणि त्याला गुरं हाकायला, घोडा फिरवायला, न कुरकुरता उन्हापावसात चालायला शिकवणारा अबोल माणूस, एवढीच गोष्ट. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये लेखकाचं निधन झालं. १९३६ मध्ये सेगुंदो रामिरेसही गेला. दोघंही अरेकोच्याच दफनभूमीत आहेत. मालक आणि गडी एकाच गावच्या मातीत, आणि लोक दोघांनाही फुलं वाहतात.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ग्विराल्देस यांना शेवटच्या काळात भारतीय अध्यात्माची मोठी ओढ लागली होती. १९२४ मध्ये रवींद्रनाथांचा पाहुणचार करणाऱ्या व्हिक्टोरिया ओकाम्पो त्यांच्या मैत्रीतल्या. पतीच्या पश्चात पत्नी आदेलिना देल कार्रिल भारतात येऊन काही वर्षं राहिल्या. पाम्पाच्या या गावातून आपल्याकडे आलेली ही वाट फारशी कुणाला ठाऊक नाही, ती ठाऊक व्हायला हवी.

१९३८ मध्ये उघडलेलं ग्विराल्देस संग्रहालय नदीपलीकडे आहे. १८५७ चा जुना विटांचा पूल ओलांडून चालत जा. कादंबरीतली 'ला ब्लांकेआदा' ही पुल्पेरिया, म्हणजे वाणसामान आणि दारू एकत्र विकणारं जुनं दुकान, संग्रहालयाच्या आवारातच आहे. डिसेंबर २००९ मधल्या पुरात हे सगळं पाण्याखाली गेलं होतं. गावानं ते पुन्हा उभं केलं.

५. माते नाकारू नका

माते हे तिथलं पेय. येर्बाची पानं भोपळ्याच्या छोट्या तुंब्यात भरायची, वर गरम पण न उकळलेलं पाणी, आणि धातूच्या नळीनं ओढून प्यायचं. एकच तुंबा, एकच नळी, सगळ्यांना. बनवणारा पहिला घोट स्वतः घेतो, कारण तो सर्वांत कडू असतो. मग भरून एकेकाला देतो. उष्ट्याचा विचार मनात येणं आपल्यासाठी स्वाभाविक आहे. करोनानंतर तिथंही बऱ्याच जणांनी आपापला तुंबा वेगळा ठेवला, त्यामुळे नम्रपणे नको म्हटलं तरी चालतं. पण मनाला पटत असेल तर घ्या. तुंबा तुमच्या हातात येणं म्हणजे तुम्ही वर्तुळात आलात. नळी हलवू नका, संपेपर्यंत प्या, परत द्या. आणि 'ग्रासियास' शेवटच्या खेपेलाच म्हणा; आधी म्हटलंत तर आता पुरे असा अर्थ घेऊन पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतील.

६. शाकाहारी असाल तर नेमकं विचारा

हा बीफचा देश आहे. निखाऱ्यावर तासन् तास शिजणारा आसादो हाच तिथला रविवार. गोमांस न खाणाऱ्यानं तिथं जाऊन नाक मुरडू नये, आणि उपाशीही राहू नये. जाळीवर भाजलेलं प्रोवोलेता चीज, भाजलेल्या भाज्या, कांदा-चीज किंवा मक्याची एम्पानादा मिळते. अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. एम्पानादाचं आवरण, पावसाळी दुपारी तळतात त्या तोर्तास फ्रितास, खेड्यातले खुसखुशीत पाव, या सगळ्यांत पुष्कळदा गाईची चरबी असते. न्याहारीच्या मेदियालुना पावाचे दोन प्रकार: 'दे ग्रासा' चरबीचा, 'दे मान्तेका' लोण्याचा. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर हॅम किंवा कोंबडी येऊ शकते, कारण मांस म्हणजे गाईचं असंच तिथं गृहीत धरतात. काय काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन सांगा. यजमान कधीच रागावत नाहीत, उलट काळजीनं दुसरं काही करून घालतात.

७. नोव्हेंबरचा उत्सव: काय बघावं

'मार्तीन फिएर्रो' लिहिणाऱ्या एर्नांदेस यांचा जन्म १० नोव्हेंबर १८३४ चा. तो दिवस परंपरा दिन म्हणून पाळतात आणि अरेकोत त्याच्या आसपास मोठा उत्सव भरतो. मुक्कामाची सोय फार आधी करावी लागते. भरधाव घोड्यावरून कमानीला टांगलेली चिमुकली अंगठी छोट्याशा काडीनं टिपायचा खेळ सगळ्यांनाच आवडतो. न शिकवलेल्या, उधळणाऱ्या घोड्यावर टिकून राहण्याची स्पर्धा, हिनेतेआदा, मला सोसत नाही. घोड्याच्या भीतीवर उभा राहिलेला खेळ मी परंपरेच्या नावाखालीही मान्य करत नाही. आपल्याकडे शंकरपटावर झालेला वाद तिथंही याच शब्दांत चालतो.

पण त्रोपिया चुकवू नका. एका मालकाचे, शक्यतो एकाच रंगाचे घोडे, आणि त्यांच्यापुढे गळ्यात घंटा बांधलेली एक घोडी. अशा कित्येक त्रोपिया मैदानात दौडत एकमेकींत मिसळतात, धुरळ्यात तांबडे, काळे, कबरे सगळे एक होतात. मग घोड्या आपापल्या दिशेनं निघतात, आणि दोर नाही, चाबूक नाही, केवळ आपल्या घंटेचा आवाज ओळखून एकेक घोडा आपल्या कळपात परततो. माणूस आणि जनावर यांच्यातल्या कामाचं याहून सुंदर दर्शन मी कुठं पाहिलेलं नाही.

८. रात्री उत्तरेकडे बघा

दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तिथं जानेवारी-फेब्रुवारीत आपलं ओळखीचं मृग नक्षत्र उलटं दिसतं, व्याध त्याच्या वर, आणि अगस्ती जवळजवळ डोक्यावर. गावाबाहेर थोडं चाललं तरी पुरेसा अंधार मिळतो.

९. कारागिराच्या दारात जा

अरेकोची चांदी प्रसिद्ध आहे. सुऱ्यांच्या मुठी, रिकिबी, मातेचे तुंबे, पट्ट्यांची बकलं. हुआन होसे द्रागी (१९४३–२००८) यांनी हे जुनं काम नव्यानं उभं केलं, पुढची पिढी ते चालवते आहे. पण मला जास्त ओढ कातडं विणणाऱ्यांची. न कमावलेलं कच्चं चामडं भिजवून, सुऱ्यानं सुतासारख्या बारीक पट्ट्या काढून, त्यांची वीण घालून लगाम, मोरखी आणि गुरं धरायचा फास तयार करतात. एका चांगल्या लगामाला कितीतरी दिवस लागतात. तो शोभेचा नसतो. गावातला घोडेवाला तोच विकत घेऊन वापरतो, तुटला तर दुरुस्तीला परत आणतो. अरेकोची परंपरा टिकली ती या गिऱ्हाइकामुळे.

महामार्गावरच्या दुकानांत यंत्रावर बनलेल्या स्वस्त वस्तू मिळतात, त्या टाळा. कारागिराच्या कार्यशाळेत शिरा, काम बघा, प्रश्न विचारा. भाषा येत नसली तरी हातवारे पुरतात. सुरा घेतलात तर तो विमानात सोबत नेता येत नाही, सामानात द्यावा लागतो. आणि तिथं घासाघीस करू नका. सांगतील ती किंमत द्या, बनवणाऱ्याचं नाव विचारून लिहून घ्या आणि घरी कुणी विचारलं तर वस्तूबरोबर ते नावही सांगा.