गिरनारच्या पायऱ्यांवर भेटलेला एकोणिसावा गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष लागला की दत्तजयंतीचे वेध लागतात आणि घरोघरी गुरुचरित्राच्या सप्ताहाची तयारी सुरू होते. आमच्या चिंचवड-निगडी भागात याच सुमारास आणखी एक बोलणं कानावर पडतं, "दिवाळीच्या सुट्टीत गिरनार करून आलो." २४ ऑक्टोबर २०२० रोजी तिथला रोपवे सुरू झाल्यापासून नातवंडांनाही बरोबर नेण्याचं धाडस आपण करू लागलो. मीही केलं. त्यातून जो धडा मिळाला तो भाविकांपुढे ठेवतो.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूतांनी आपले २४ गुरू सांगितले आहेत. नाथमहाराजांनी आपल्या भागवतात त्यांचा विस्तार केला आहे. या यादीत पहिली पृथ्वी. तिच्याच अंगाने येणाऱ्या पर्वताकडून अवधूत शिकले की आपलं असणं दुसऱ्यासाठी असावं. एकोणिसावा गुरू म्हणजे लहान मूल. त्याला मान नाही, अपमान नाही, घरादाराची चिंता नाही. ते आपल्या आनंदात असतं. हे मी कितीतरी वेळा वाचलं होतं. वाचणं वेगळं, कळणं वेगळं.

आता जागेची माहिती. जुनागडच्या भवनाथ तळेटीपासून दत्तपादुकांपर्यंत सुमारे १०,००० पायऱ्या आहेत. रोपवे अंबाजीपर्यंत नेतो, म्हणजे साधारण अर्धी चढण वाचते. उरलेल्या पायऱ्या जाताना आणि येताना पायीच. अंबाजीच्या पुढे गोरक्षनाथांचं शिखर. ते गुजरातमधलं सर्वांत उंच ठिकाण. पण दत्तशिखर त्याच्या पलीकडे आहे. गोरक्षनाथांपासून बऱ्याच पायऱ्या खाली उतरायच्या आणि मग पादुकांसाठी पुन्हा उभं चढायचं. परतीला हेच उलट. बँकेत जन्म गेल्यामुळे मी असं म्हणेन की, इथे उतरलेली प्रत्येक पायरी आपल्या नावे पडते आणि परतताना ती चुकती करावी लागते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पाच जण गेलो. मुलगा, सूनबाई, ११ वर्षांचा नातू, ६ वर्षांची नात आणि मी. पादुकांवर डोकं ठेवायचं ही माझी नोकरीत असल्यापासूनची इच्छा. निघण्यापूर्वी देवापुढे हातावरून पाणी सोडून तसा संकल्पही केला होता. पहाटे लवकर रांगेत लागायचं ठरवलं होतं, पण मुलांचं आवरेपर्यंत ऊन वर आलं. अंबाजीपासून नात उड्या मारतच निघाली. गोरक्षनाथांच्या शिखरावर मात्र ती एका पायरीवर बसली ती बसलीच.

आधी मी लाडीगोडी लावली, खडीसाखर दिली. मग आवाज चढला. "एवढ्या लांब आलोय, आता थोड्यासाठी हट्ट करतेस?" सूनबाई म्हणाली, "बाबा, तिचं अंग कढत लागतंय." मी म्हटलं, "उन्हाने असेल." नात रडली नाही, रागावलीही नाही. तिने विचारलं, "आबा, पादुका उद्या तिथे नसतील का?"

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे पादुका नव्हत्याच. सोसायटीत प्रसाद वाटताना "दर्शन कसं झालं?" असं विचारतील, त्यांना काय सांगायचं, हा विचार होता. मानापमानाचं ओझं माझ्या डोक्यावर होतं. त्या पोरीला त्याचा पत्ताही नव्हता.

मुलगा नातवाला घेऊन पुढे गेला. सूनबाई आणि मी नातीला आळीपाळीने कडेवर घेत अंबाजीला परतलो. तिथे तिला उलटी झाली, रात्री ताप भरला. सकाळी डॉक्टर म्हणाले, ऊन लागलंय, अंगातलं पाणी कमी झालंय. दोन दिवसांत ती बरी झाली. पण गोरक्षनाथांपासून खाली उतरलो असतो तर? आजारी लेकराला घेऊन तेवढा चढ पुन्हा चढावा लागला असता. तो विचार आजही झोप उडवतो.

संकल्प मोडला की दोष लागतो का, हा प्रश्न आपल्या पिढीला सतावतो. मी माझ्यापुरतं उत्तर शोधलं ते असं. संकल्पाचं पाणी मी माझ्या हातावरून सोडलं होतं, नातीने नव्हे. आपला संकल्प दुसऱ्याच्या पायांनी पुरा करून घेणं ही भक्ती नव्हे. पर्वताकडून परार्थ शिकायचा, तर त्याच पर्वतावर लेकराला फरपटत कसं न्यायचं?

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी अनुभवाने सांगतो. आधी दोन-तीन महिने सवय करावी. आपल्याकडे निगडीची दुर्गा टेकडी आहे, मग शेलारवाडीचा घोरावडेश्वर, देहूजवळचा भंडारा डोंगर. चाल सगळ्यांत लहान मुलाची धरावी, ते थांबलं की सगळ्यांनी थांबावं. तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी, लिंबू-मीठ-साखर देत राहावं. जोराचा वारा असला की रोपवे बंद ठेवतात, म्हणून एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवावा. आणि परत फिरायचं की नाही, हे गोरक्षनाथांच्या शिखरावरच ठरवावं. कोण कोणाबरोबर परतेल हे तर घरूनच ठरवून निघावं, म्हणजे ऐन वेळी मन कडू होत नाही.

दुपार उलटल्यावर नातू प्रसाद घेऊन आला. त्याने तो आधी बहिणीच्या हातावर ठेवला, मग माझ्या. माझं पादुकादर्शन अजून राहिलं आहे. महाराज बोलावतील तेव्हा जाईन. आता सोसायटीत कोणी विचारलं की सरळ सांगतो, "गोरक्षनाथांपर्यंत गेलो होतो, तिथे गुरू भेटले, त्यांनी परत पाठवलं."

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!