घट, माती आणि अंकुर : देवीपूजेतील प्रतीके

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. शेतातली काळी माती आणायला तुम्हालाच पिटाळलं असेल! पण या पूजेत देवी नक्की कुठे असते, हा प्रश्न कधी पडला का?

मांडणी आठवा. परडीत किंवा पत्रावळीवर माती पसरतात. तिच्यात सात किंवा नऊ प्रकारचं धान्य पेरतात. मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट, शेजारी अखंड नंदादीप आणि वर रोज एक माळ. घटाला नाक-डोळे नाहीत, हातात शस्त्रही नाही. तरी पूजा देवीचीच असते.

या प्रतीकांचा अर्थ साधारण असा लावतात :

माती – सर्वांना धारण करणारी भूमी.
घट – आईचं उदर. मातीचा घट पाझरतो आणि त्या ओलाव्यावर भोवतालचं बी रुजतं.
बी – डोळ्यांना न दिसणारी, पण आत असलेली शक्ती.
नंदादीप – नऊ दिवस जागं राहणारं चैतन्य.

दसऱ्याला हेच अंकुर देवाला वाहतात, केसांत माळतात, टोपीत खोवतात. म्हणजे घटस्थापना ही सर्जनाची, नवं जीवन घडवणाऱ्या शक्तीची पूजा आहे. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्याच्या 13 अध्यायांत महिषासुराच्या वधाची कथा येते, तशीच देवीची स्तुतीही येते. बुद्धी, भूक, झोप, सावली आणि आई या रूपांनी ती सर्व प्राणिमात्रांत राहते, असं तिथे म्हटलं आहे. सर्वांत, बरं का!

आता एक आठवण सांगतो. आमच्या घरी पहाटे उठून नंदादीपात तेल घालायची ती आत्या. ती विधवा होती. अष्टमीला ओटी भरायला बायका जमल्या, की ती स्वयंपाकघरातच थांबायची. तिला कुणी 'जा' म्हणत नव्हतं. पण 'ये'ही म्हणत नव्हतं. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

कारण आपल्याच परंपरेतल्या दहा महाविद्यांमध्ये धूमावती आहे आणि तिचं रूप विधवेचं आहे. देवी म्हणून जिला हात जोडायचे, तिच्यासारख्याच घरातल्या बाईला मात्र पूजेबाहेर ठेवायचं, हे कसं जुळणार?

विचार करा : तुमच्या घरी घटाला पाणी कोण घालतं? आणि हळदी-कुंकवाला कोणाला बोलावलं जात नाही? आईशी, आजीशी बोला आणि पाच ओळी लिहा.