गुदाशयाच्या कर्करोगावरील आंतरिक किरणोपचार : मात्रा मोजण्याविषयी

वार्षिक अहवालात एखाद्या उपचारपद्धतीचा परिचय करून देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. या वर्षी विश्वस्त मंडळापुढे किरणोपचाराच्या यंत्रसामग्रीचे अंदाजपत्रक आले, तेव्हा मापन-उपकरणांच्या रकमेवर सर्वाधिक प्रश्न विचारले गेले. आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर ते प्रथम आम्हीच उपस्थित केले होते. आम्ही वाणिज्य शाखेचे. ज्या उपकरणाने एकाही रुग्णावर उपचार होत नाहीत, त्यावर देणगीदारांचा पैसा का खर्चावा, असे आम्हांस वाटले. त्यानंतर वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांसमवेत बसून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहोत.

या आजाराचे अनेक रुग्ण मूळव्याध समजून बराच काळ घरगुती उपाय करतात व उशिरा येतात. निवडक रुग्णांत बाह्य किरणांऐवजी वा त्यांच्या जोडीने ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून किरण देण्याची पद्धत, वापरतात. ॲप्लिकेटर नावाची लवचीक सिलिकॉनची नळी गुदाशयात बसवितात. एका प्रचलित प्रकारात तिच्या परिघावर आठ बारीक मार्ग असतात. यंत्र तारेच्या टोकाला जोडलेला इरिडियम-१९२ चा सूक्ष्म कण या मार्गांतून पुढे सरकविते, ठरलेल्या जागी काही सेकंद थांबविते आणि परत घेते. किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात.

येथे अंतराचे गणित फार कठोर आहे. अंतर दुप्पट झाले की मात्रा साधारणतः चौथाई होते. कण पेशींपासून १० मिलिमीटरवर अपेक्षित असून तो ८ मिलिमीटरवर आला, तर मात्रा सुमारे ५६ टक्क्यांनी वाढते. हिशेबात दोन रुपयांची चूक आम्ही वर्षअखेरीस दुरुस्त करतो. ही दोन मिलिमीटरची चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून कण नेमका कोठे थांबतो, हे फिल्मवर उमटवून तपासले जाते.

दुसरा प्रश्न निरोगी बाजूचा. गाठ बहुधा एकाच भिंतीवर असते. समोरची भिंत वाचविण्यासाठी ॲप्लिकेटरच्या मधल्या पोकळीत टंगस्टनचा अडसर ठेवता येतो. परंतु मात्रा काढण्याची जी गणितपद्धती अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने १९९५ साली मांडली व २००४ साली सुधारली, ती सभोवार सर्वत्र पाणीच आहे असे गृहीत धरते. तिला हा अडसर दिसत नाही. कागदावरील आकडा व प्रत्यक्ष पोहोचणारी मात्रा यांत त्यामुळे फरक पडतो. हा फरक शोधण्यासाठी ॲप्लिकेटर पाण्यात किंवा पाण्यासारख्या घन पदार्थात ठेवून, भोवती किरणसंवेदी फिल्म व लिथियम फ्लोराइडचे छोटे तुकडे मांडतात. तुकडे नंतर तापविले असता शोषलेल्या मात्रेच्या प्रमाणात प्रकाश देतात. आमच्या भाषेत हे लेखापरीक्षणच होय.

इरिडियमचा घसाराही आहे. सुमारे ७४ दिवसांत त्याची तीव्रता निम्मी होते. ९० दिवसांनंतर सुमारे ४३ टक्के उरते. प्रारंभी १० मिनिटांत होणाऱ्या उपचारास तेव्हा सुमारे २३ मिनिटे लागतात. नवा स्रोत आला की पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर विसंबून चालत नाही. विहिरीच्या आकाराच्या आयनीभवन कक्षात तो उतरवून त्याची तीव्रता स्वतः मोजावी लागते. या कक्षाच्या अंशमापनासाठी ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रयोगशाळा आहे. घाटकोपर-मुलुंडच्या रुग्णालयांना ती तशी शेजारीच. देशाच्या इतर भागांतील संस्थांना मात्र हेच उपकरण लांबच्या प्रवासाला पाठवावे लागते.

एक घटना ऐकून आमचा विरोध मावळला. नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात गुदद्वाराच्या कर्करोगाच्या एका वृद्धेवर असेच उपचार चालू असताना तार तुटली व स्रोत नळीतच राहिला. खोलीतील धोक्याचा दिवा लागला होता. यंत्राने स्रोत परत आल्याचे दाखविल्याने कर्मचाऱ्यांनी तो दिवाच बिघडला असे मानले. हाती धरण्याचे मापक जवळ असूनही रुग्णाजवळ नेले गेले नाही. ती स्रोतासह शुश्रूषागृहात परतली व काही दिवसांत मरण पावली. पुढे कचऱ्याच्या गाडीने किरणमापकाची घंटा वाजविली, तेव्हा कोठे प्रकार उघडकीस आला.

ते हाती धरण्याचे मापक आमच्या अंदाजपत्रकातही होते, आणि त्याच ओळीवर आम्ही लाल रेघ मारली होती. ती ओळ आता पूर्ववत केली आहे. एक मापक अंशमापनासाठी बाहेर असताना खोली रिकामी राहू नये म्हणून दुसरेही मंजूर झाले. प्रत्येक उपचारानंतर रुग्णाजवळ मापक धरून त्याचे वाचन नोंदवहीत लिहावयाचे, व ती नोंदवही महिन्यातून एकदा आमच्या टेबलावर यावयाची, असेही ठरले आहे.