हरवलेला आकडा : जुन्या वाहनाच्या नोंदणीविषयी थोडेसे

चिखली तालुक्यातल्या आमच्या गावी, गोठ्याच्या पडवीत, कडब्याच्या पेंढ्यांआड एक जावा मोटारसायकल कित्येक वर्षे उभी होती. आजोबांनी ती १९६७ साली घेतली. त्या काळी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून निघणारी ही अडीचशे सी.सी.ची गाडी म्हणजे खेड्यात एक नवलच होते. जी दांडी किक मारायला, तीच गिअर टाकायला! आजोबा या गाडीवर आजीला घेऊन बोथ्याचा घाट उतरून खामगावला जात. आजोबा गेले आणि गाडी पडवीत गेली. गतवर्षी दिवाळीत आजी सहज म्हणाली, "एकदा त्या गाडीवर बसून घाट उतरावा वाटतो रे." बाबांनी मनावर घेतले आणि माझ्या मागे एक अभ्यास लागला. तो वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

इंजिन फिरते करणे ही सोपी बाजू निघाली. अवघड बाजू कागदांची होती. नोंदणीचे पुस्तक घर बदलताना हरवले होते. हँडलखालची क्रमांकाची पट्टी गळून पडली होती, आणि चौकटीच्या मानेवर ठोकलेला चेसिस क्रमांक गंज आणि रंगाच्या थरांखाली गडप झाला होता. गाडी होती, पण ती कोण आहे हे सांगायला तिच्याजवळ काही नव्हते.

मिस्त्रींनी गाडी पाहिली आणि म्हणाले, "कशाले इतका विचार करता, दादा? ग्राइंडर मारू, पंच आपल्यापाशी हाय. नंबर सांगा, दोन मिन्टात ठोकून देतो. कोणाले समजते?" बाबांना क्रमांक पाठ होता. निदान तसे त्यांना वाटत होते. त्या क्षणी आम्ही दोघेही मोहात पडलो होतो, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

आकडा कशासाठी?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या ३९ व्या कलमानुसार नोंदणीवाचून कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणी होते ती केवळ 'एक मोटारसायकल' अशी नव्हे. अमुक चेसिस क्रमांकाची, अमुक इंजिन क्रमांकाची, अशी एकच एक वस्तू नोंदली जाते. आज प्रत्येक वाहनावर सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गल्लत करतात. ही पद्धत रूढ होण्यापूर्वी प्रत्येक कारखाना आपापल्या मोजणीप्रमाणे क्रमांक ठोकत असे. म्हणून जुन्या गाडीचा क्रमांक आखूड दिसला तर तो खोटा आहे असे समजू नये.

आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. 'एमएच-२८' ही बुलढाण्याची ओळख नव्या कायद्यानंतरची. त्याआधीच्या गाड्यांवर निराळी अक्षरे आहेत. आपला जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. तेव्हा कोणाच्या वाड्यात १९५० च्या सुमाराची जीप असेल, तर तिच्या पहिल्या नोंदीचा माग आजच्या राज्याच्या सीमेबाहेरही जाऊ शकतो. आमची गाडी १९६७ ची, म्हणून तेवढ्या भटकंतीतून आम्ही वाचलो.

दोन रस्ते

पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. दुचाकी आणि चारचाकी दोन्ही त्यांत येतात. वाहन मूळ स्वरूपात असावे, चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत बदल झालेला नसावा, ही अट. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, ती दहा वर्षे चालते, पुढील नोंदणीला पाच हजार. नवा क्रमांक मिळाल्यास त्यात 'व्हीए' ही अक्षरे येतात. आधी नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो.

यात दोन मेखा आहेत. पन्नास वर्षे मोजायची ती पहिल्या नोंदणीच्या दिनांकापासून, म्हणजे जुना कागद नसला तर मोजणीची सुरुवातच सापडत नाही. दुसरे असे, की ही गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. आजीला घेऊन खामगावला जाणे त्यात बसत नाही!

दुसरा रस्ता नेहमीचा. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. जुन्या वाहनावरचा पर्यावरण कर आणि साचलेला दंड वेगळा. मूळ मालक हयात नसल्यास वारसाच्या नावे बदल करण्यासाठी नमुना ३१, आणि पुस्तक हरवल्यास पोलिसांत खबर देऊन दुय्यम प्रतीसाठी नमुना २६. बाबांनी हा रस्ता निवडला. पण दोन्ही रस्त्यांच्या तोंडाशी एकच प्रश्न उभा होता, तो म्हणजे चेसिस क्रमांक कोणता?

शोध

मी इतिहासाचा विद्यार्थी. वर्गात आम्हाला शिकवतात, की साधन तुटलेले असेल तर ते जसे आहे तसे वाचावे. रिकामी जागा आपल्या मनाने भरू नये. हाच नियम मी गाडीला लावला.

पहिले साधन खुद्द धातू. ग्राइंडर आणि जाड पॉलिशपेपर यांना आम्ही हात लावला नाही. रॉकेलमध्ये भिजवलेले फडके दोन दिवस बांधून ठेवले आणि मऊ ब्रशने गंज काढला. मग अंधारात बॅटरीचा झोत आडवा, अगदी पृष्ठभागाला घासून जाईल असा टाकला. समोरून जे दिसत नव्हते ते सावल्यांनी दाखवले. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली. परिवहन कार्यालयात चेसिसची पेन्सिल प्रिंट मागतात, ती हीच. पाचपैकी चार अंक उमटले. एक मात्र तीन होता की आठ, ते ठरेना.

यात एक शास्त्र आहे. पंच ठोकला की केवळ खाच पडत नाही. खाचेखालच्या धातूचे कण दाबले जातात आणि ती दाब-खूण वरचा थर घासून गेला तरी खोल राहते. न्यायसहायक प्रयोगशाळेत अशा पृष्ठभागावर आम्लयुक्त द्रावण लावतात. दबलेला धातू आणि बाकीचा धातू यांवर त्याचा परिणाम सारखा होत नाही, म्हणून पुसलेला आकडा काही वेळ दिसू लागतो आणि त्याचे छायाचित्र घेता येते. चोरीच्या गाड्या अशाच ओळखल्या जातात. हे काम तज्ज्ञांचे. घरी करून पाहण्याचे नव्हे. पण मिस्त्रींनी ग्राइंडर फिरवून वर पंच ठोकला असता, तर ही खोलवरची साक्षही बिघडली असती.

दुसरे साधन छायाचित्र. आई-बाबांच्या लग्नातल्या एका फोटोत कोपऱ्यात हीच गाडी उभी होती. भिंगाखाली तिच्या पाटीवरचा नोंदणी क्रमांक वाचता आला. तो घेऊन कार्यालयात गेलो. इतकी जुनी नोंद संगणकावर नव्हती. जुन्या वह्यांतून शोधण्यासाठी अर्ज द्यावा लागला.

तिसरे साधन स्मृती. बाबा म्हणत, "आठच. मी लहानपणी रोज फडक्याने पुसत होतो तो."

चौथे साधन अनपेक्षितपणे हाती आले. वारसांच्या सह्यांसाठी लोणारच्या आत्याकडे गेलो होतो. गाडीचे नाव काढताच आत्याचे डोळे भरून आले. तिने लग्नातली ट्रंक उघडली. तळाशी अंथरलेल्या जुन्या कागदांत १९७१ सालची विम्याची पॉलिसी होती. पॉलिसीवरची ती कंपनी आता नाही. १९७३ च्या सुरुवातीस सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा असल्या शंभरावर कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. पण टंकलेखनाची अक्षरे स्वच्छ होती. नोंदणी क्रमांक फोटोतलाच. इंजिन क्रमांक गाडीवरचाच. चेसिस क्रमांकातला तो अंक मात्र तीन होता.

बाबा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी खोटा नंबर ठोकून घेतला असता."

खरेच. हेतू चोरीचा नसता, पण परिणाम तोच झाला असता. आजोबांची गाडी कोणा दुसऱ्याच गाडीचे नाव घेऊन उभी राहिली असती आणि तपासणीत खोट्या क्रमांकाची म्हणून पकडली गेली असती. मग ती आजोबांचीच आहे हे कोणत्या तोंडाने सांगणार?

वाचकांस विनंती

आपल्या जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, कितीतरी वाड्यांत अशा गाड्या उभ्या असतील. त्या बाहेर काढणाऱ्यांनी आधी मिस्त्री बोलावू नये. आधी ट्रंका उघडाव्यात. विम्याचे कागद, कराच्या पावत्या, खरेदीचे बिल, जुने फोटो, सारे गोळा करावे. आकडा काही केल्या सापडला नाही, तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे आणि तपासणी होऊ द्यावी. नोंदणी अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून चेसिसवर एकही आकडा ठोकू नये. कोरी जागा असणे हा गुन्हा नाही. ती मनाने भरणे हा गुन्हा आहे.

आमचा अर्ज पॉलिसी, फोटो, पेन्सिल प्रिंट आणि आत्याच्या सहीसह दाखल झाला आहे. त्या अस्पष्ट अंकाविषयी सर्व हकीकत त्यात लिहिली आहे. निकाल यायचा आहे. आजी रोज सकाळी पडवीत जाऊन गाडीची सीट पदराने पुसते आणि मला विचारते, "आला का रे तुझा कागद?"