आज्ञा वरून, काम खाली

मंगळावर फिरणारा यंत्रमानव दरीच्या काठाशी आला, तर पृथ्वीवरून दिलेली ‘थांब’ ही आज्ञा त्याला वेळेवर पोहोचेल काय? मुळीच नाही! दोन्ही ग्रहांमधील अंतर सारखे बदलत असते. ते कापावयास प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या संदेशासही सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. तोवर तो दरीत कोसळलेला असेल.

यावर शास्त्रज्ञांनी एक युक्ती योजिली. अंतराळवीरांनी मंगळाभोवती फिरणाऱ्या यानात राहावे व तेथून खालच्या यंत्रमानवांस आज्ञा द्याव्यात. अंतर थोडे, म्हणून विलंबही थोडा.

या युक्तीची परीक्षा प्रथम पृथ्वीवरच घेतली गेली. जर्मनीतील ओबरफाफेनहोफेन येथील प्रयोगशाळेत मंगळासारखी भूमी रचण्यात आली. तेथे चार यंत्रमानव होते. दोघांना चाके, तर दोघांना चार-चार पाय. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकी अंतराळवीर जॉनी किम यांनी सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकातून त्यांना आज्ञा दिल्या. चाकांच्या एका यंत्रमानवाने चिमुकल्या बर्टला गुहेच्या तोंडाशी नेऊन सोडले आणि बर्ट गुहेत शिरला. सोपी कामे यंत्रमानव आपापली करीत. कठीण प्रसंगी मात्र किम स्वतः सूत्रे हाती घेत.

यंत्र थकत नाही, भीत नाही. पण अडचणीच्या वेळी त्यास मनुष्याचा विवेक जवळ असावा लागतो.