भीती वाटते, हे मुलांनाही सांगूया

सावद्यासारख्या गावात आपलं मूल वर्गात बहुतेक एकटंच ख्रिस्ती असतं. डबा खाण्याआधी त्यानं हात जोडले की शेजारचा विचारतो, "काय करतोस रे?" मग घरी आल्यावर ते हळूच म्हणतं, "मम्मी, उद्यापासून मनातच प्रार्थना करू का?" भाजी गॅसवर असते, ट्यूशनची वेळ झालेली असते. आपण म्हणतो, "हो, मनातच कर. आवर लवकर."

उत्तर चुकीचं नाही. देव मनातलंही ऐकतोच. पण त्याला खरं तर विचारायचं असतं, मम्मी-पप्पांनाही असंच घाबरायला होतं का?

होतं ना! शेजारी आजारी असला तरी "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" हे शब्द ओठावर येऊन परत जातात. नाताळची गाणी म्हणत घरोघरी जायचं ठरलं की आपल्याला मुलांच्या परीक्षा आठवतात. लोक काय म्हणतील, धंद्यावर परिणाम होईल का, पोराला कुणी टोचून बोलेल का? दिवसभर राबून आलेल्या माणसाला आणखी एक धास्ती नको असते.

मला अशा वेळी लक्ष्मीबाई टिळक आठवतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा मुलगा दत्तू तेव्हा चारएक वर्षांचा. टिळकांच्या धाडसाबद्दल आपण खूप बोलतो. पण बाबा दुरावले, आई सारखी रडते, हे त्या लेकराला कसं कळलं असेल? पुढं १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्याआधी त्यांच्या मनातला सोवळ्या-ओवळ्याचा आणि जातीचा पीळ हळूहळू सुटत गेला होता. म्हणून वाटतं, मुलांनाही ढकलू नये. त्यांचं पाऊल त्यांच्या वेळेला पडू द्यावं.

१९१७ मध्ये, उतारवयात, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. एवढं आपल्याला झेपेल असं नाही. पण त्यांच्या घराची एक गोष्ट आपल्या खानदेशाची आहे, आणि ती झेपण्यासारखी आहे. १९०७ मध्ये जळगावात कविसंमेलन झालं. तिथं धरणगावचा त्र्यंबक ठोंबरे 'बालकवी' म्हणून गाजला. पुढं नगरला तो टिळकांच्या घरी राहिला. हिंदू घरातला मुलगा ख्रिस्ती घरात राहिला, तो हिंदूच राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला आईची माया दिली. श्रद्धेनं बाहेर पडणं म्हणजे कधीकधी आपलं दार उघडं ठेवणंही असतं. मुलाच्या मित्रांना नाताळला घरी बोलावणं, त्यांच्या आजारी आजीला डबा नेऊन देणं, यात आपली पोरं आनंदानं पुढं होतात.

मुलांना पेत्राची गोष्ट सांगताना तो पाण्यावर चालला, एवढ्यावरच आपण थांबतो. तो घाबरला, बुडतोय म्हणून ओरडला आणि प्रभूनं आधी हात दिला, हेही सांगायला हवं. घाबरलेल्या मुलाला तोच भाग जवळचा वाटतो.

रविवारी भुसावळहून उपासना करून परतताना विचारून बघा, "शाळेत प्रार्थना करताना तुला कसं वाटतं रे?" उत्तर आलं की लगेच उपाय सुचवू नका. आधी आपली एखादी भीती त्याला सांगा. मग डब्यापुढं हात जोडायचे की मनातच म्हणायचं, ते त्यालाच ठरवू द्या.