गाठ आटली म्हणजे काम झालं नाही

अंबाजोगाई

चि. सोनू,

पीएच.डी.चा आराखडा वाचला. स्तनाच्या कॅन्सरचा फैलाव रोखणारा छोटा रेणू शोधायचा, विषय उत्तम. पण पानोपानी पेशी किती मेल्या आणि उंदराची गाठ किती आटली, एवढंच मोजलंयस. अगं, बाई छातीतल्या गाठीनं सहसा दगावत नाही. रोग हाडांत, फुप्फुसांत, यकृतात, मेंदूत उतरला की दगावते. फैलाव अडवणारं औषध मूळ गाठीला कदाचित धक्काही लावणार नाही. तुझ्या मोजमापात ते नापास ठरेल आणि तू ते टाकून देशील.

मारिमास्टॅट या औषधाचं काय झालं ते वाच. पेशींना वाट करून देणारी एन्झाइम्स बंद करायची, ही कल्पना देखणी होती आणि उंदरांत जमलीही. स्तनाच्या कॅन्सरच्या ट्रायलमध्ये मात्र ते दिलं रोग आधीच पसरलेल्या बायकांना. बैल गेला अन् झोपा केला. फायदा शून्य, वर सांधे धरले ते वेगळंच.

याउलट टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडव्यांनी नवा रेणू शोधलाच नाही, वेळ शोधली. दात काढताना टोचतात ते लिग्नोकेन घेतलं. १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झालेलं, वजन जेमतेम २३४ डाल्टन. ऑपरेशनआधी सात ते दहा मिनिटं ते गाठीभोवती टोचायचं आणि मग गाठ काढायची. तर्क असा, की चाकू लागतानाच पेशी निसटतात. त्यांचे सोडियम चॅनल बंद केले तर हालचाल मंदावेल. ११ केंद्रं, १,६०० बायका. पाच वर्षांनी टोचलेल्यांत ९०.१ टक्के हयात, न टोचलेल्यांत ८६.४. दूरच्या अवयवात रोग उलटण्याचं प्रमाण ११.६ टक्क्यांऐवजी ८.५. निकाल २०२३ साली छापून आला. दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलं नव्हतं, आणि हे नेमकं कशामुळे घडलं तेही ट्रायलनं सिद्ध केलेलं नाही. म्हणजे तुला काम शिल्लक आहे.

आता आपल्या जिल्ह्याचं. उचल घेतलेली बाई दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाते; गाठ हाताला लागली तरी 'पट्टा पडू दे, हंगाम संपला की मग बघू' म्हणते. ऑपरेशननंतर तिला वर्षानुवर्षं घ्यायचं औषध गोळीच हवं, फडावरच्या कोपीत विनाफ्रिज टिकणारं. आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईला सांधे धरणारी गोळी काय कामाची? ती चार दिवसांत बंद करेल, आणि तिचं चुकलं असं मी तरी म्हणणार नाही. विषारीपणाच्या चाचण्यांत उंदरांची पकड आणि चालही तपास.

तर तिसरं प्रकरण पुन्हा लिही. आधी उंदराची मूळ गाठ काढ, मग औषध सुरू कर, आणि फुप्फुसांत, हाडांत किती वसाहती उठल्या ते मोज. वेळ दुप्पट लागेल, गाइड कुरकुरतील. त्यांना माझ्याशी फोनवर बोलायला सांग. जमलं तर बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाची ओपीडी एकदा बघून ये. एसटीनं जा, मी येतो बरोबर.

तुझा,
मामा